विश्रामबागेतलं झेरॉक्सचं दुकान आणि बॉम्बे हायच्या वह्या

काळी-पांढरी एका बाजूची दोन रुपये, पाठपोट तीन, रंगीत दहा, स्पायरल चाळीसपासून पुढे, ए-थ्री लॅमिनेशन साठ. सांगलीत सगळीकडे साधारण हेच दर आहेत, तेव्हा दरासाठी या दुकानात जाऊ नका. मी चार वर्षं जातोय ते वेगळ्या कारणाने. इथली माणसं छापताना कागद वाचतात.

दुकानाला धड नाव नाही. पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म’ एवढंच आहे. वालचंद कॉलेजच्या पोरांची जर्नल्स, कुणाचा सातबारा, कुणाचं जातीच्या दाखल्याचं प्रतिज्ञापत्र, असा सगळा माल. काउंटरवर वहिनी, आत मशीनवर त्यांचे मिस्टर आणि बाइंडिंगला एक पोरगा. मिस्टर फारसं बोलत नाहीत. बोलायचं खातं वहिनींकडे.

माझं काम काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या एका ड्रिलिंग रिगवर अठ्ठावीस दिवस असतो आणि पुढचे अठ्ठावीस दिवस मिरजेत घरी. रिगवर मी ना ड्रिलर, ना इंजिनवाला. समुद्रात तेल, कचरा, केमिकल जाऊ नये म्हणून जे कागद ठेवावे लागतात ते माझ्या टेबलावर असतात. आई शेजारच्या काकूंना सांगते, ‘समुद्रात जाऊन वह्या लिहितो.’ यात खोटं काही नाही. आमचा कंत्राटदार लहान आहे, ऑफिसातला प्रिंटर कायम आजारी. त्यामुळे सुट्टीवर येताना पेनड्राइव्ह खिशात आणि महालक्ष्मी एक्सप्रेसने उतरलो की दोन दिवसांत विश्रामबाग.

पहिल्यांदा नेली ती टाक्या मोजायची वही. मूळ तेल-नोंदवही रिगवरून हलवता येत नाही, पण तिच्यात जे आकडे चढतात ते रोज आधी या कच्च्या वहीत लिहिले जातात. मला छापील तक्त्याच्या, न भरलेल्या सहा वह्या हव्या होत्या, दोनशे दोनशे पानांच्या, पानावर नंबर छापलेल्या. आता नंबर का, तर मधलं पान फाडलं तर कळावं म्हणून. वहिनींनी विचारलं, ‘संगणकातनं टाकू का ठोकून देऊ?’ त्यांच्याकडे जुन्या छापखान्यातलं हाताने ठोकायचं नंबरिंग मशीन आहे. एकेक ठोका मारला की आकडा आपोआप पुढे सरकतो. मी ‘ठोकून द्या’ म्हणालो. बाराशे पानं पोराने बसून ठोकली, एकही आकडा गाळला नाही. अशी वही मला मुंबईतही मिळाली नव्हती.

पण त्याच पहिल्या खेपेला घोटाळाही झाला. पाठपोट छपाईत मागच्या बाजूचा उजवा समास स्पायरलकडे येतो, आणि आमच्या तक्त्यात सहीचा रकाना अगदी उजवीकडे. भोकं पाडली ती बरोबर सहीच्या रकान्यातून. घरी येऊन उघडली तर प्रत्येक दुसऱ्या पानावर सहीची चाळण. आमच्या धंद्यात सहीला काय किंमत आहे ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. तेलाचं एकेक काम संपलं की त्याखाली ते काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची सही, आणि पान भरलं की कॅप्टनची किंवा रिगच्या प्रमुखाची. ओळ मोकळी सोडायची नाही. चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. व्हाइटनर लावला की संपलं. शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षं वही सांभाळायची. मी हे सगळं काउंटरवर जरा चढ्या आवाजात सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मग बाइंडिंग वरनं घालूया की. कॅलेंडरसारखं.’ सहाच्या सहा वह्या परत छापून, परत ठोकून दिल्या, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून रिगवर आमच्या वह्या वरच्या बाजूला उघडतात. नवा माणूस आला की हसतो, आठवड्यात सवय होते.

त्या दिवशी त्यांनी विचारलेला एक प्रश्न मला अजून आठवतो. ‘ह्या वहीत नुसतं सांडलेलं लिहायचं का न सांडलेलंबी?’ न सांडलेलंच जास्त लिहायचं असतं! स्लजच्या, म्हणजे तेलकट गाळाच्या टाकीत आज किती, इंजिनरूमच्या तळाचं पाणी कुठे नेलं, किनाऱ्याला किती पाठवलं, पावती कुठे. मार्पोल नावाचा जहाजांमुळे होणाऱ्या समुद्रप्रदूषणाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, १९७३ चा, १९७८ ला दुरुस्त झालेला, त्याचा तेलाचा भाग २ ऑक्टोबर १९८३ पासून लागू आहे. त्यात एकोणचाळिसावा नियम आमच्यासाठी आहे. रिग किंवा प्लॅटफॉर्म जागचा हलत नसला तरी त्याला चारशे ग्रॉस टनांच्या किंवा त्याहून मोठ्या, टँकर नसलेल्या जहाजाचे नियम लावा, असा त्याचा अर्थ. आणि मशीनखालचं पाणी सोडायचं असेल तर त्यात तेल १५ पीपीएमच्या वर नको. पीपीएम म्हणजे काय, हेही वहिनींनी विचारलंच. दहा लाख भागांत एक भाग. आणि पंधरा म्हणजे, गच्चीवर हजार लिटरची टाकी असते ना, ती भरून पाण्यात तेलाचा एक मोठा चमचा, असं मी सांगितलं. त्यांचे मिस्टर आतून पहिल्यांदाच बोलले, ‘आपल्या मिसळीला मग बंदीच.’

वाचण्याचा फायदा खरा कळला तो दुसऱ्या वर्षी. जुन्या भरलेल्या कच्च्या वह्या स्कॅन करायला दिल्या होत्या. स्कॅनिंग कंटाळवाणं काम, पान ठेव, दाब, उलट. संध्याकाळी घ्यायला गेलो तर वहिनींनी एका पानात चिठ्ठी घालून ठेवलेली. ‘साहेब, ही टाकी रोज तेवढीच भरती व्हय?’ बघतो तर अकरा दिवस एकाच टाकीचा एकच आकडा, दशांशासकट. टाकी कुणी मोजलीच नव्हती, पोरांनी वरचं खाली उतरवलं होतं. मूळ वहीतही तेच चढलेलं. रिगवर चार जणांच्या नजरेखालून ते पान गेलं होतं, त्यात मीही एक. परत गेल्यावर जे निस्तरायचं ते निस्तरलं, बोलणीही खाल्ली. पण तपासायला आलेल्या माणसाने ते पान काढलं असतं तर बोलण्यावर भागलं नसतं.

आता कचऱ्याच्या पाट्यांकडे येतो, कारण लॅमिनेशनबद्दल लिहिलं नाही तर हा रिव्ह्यू अर्धा. मार्पोलचा पाचवा भाग कचऱ्याचा. प्रत्येक रिगवर कचऱ्याचं काय करायचं त्याचा लेखी आराखडा लागतो, कचऱ्याची नोंदवही लागते, ती दोन वर्षं ठेवायची, आणि माणसांना दिसतील अशा पाट्या लावायच्या, तिथल्या माणसांच्या कामाच्या भाषेत. इंग्रजी आणि हिंदी पाट्या होत्याच. आमच्या गॅलीत, म्हणजे रिगच्या स्वयंपाकघरात, तेव्हा तीन पोरं आपल्याकडची होती, एक तासगावचा, दोघे कऱ्हाडकडचे. म्हटलं मराठी पाटी करू. मजकूर मी सांगत गेलो, वहिनी टाइप करत गेल्या. रिगवरून समुद्रात काहीच टाकायचं नाही, याला अपवाद फक्त अन्नाच्या कचऱ्याचा, तोही २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतका बारीक केलेला, आणि रिग किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे असेल तरच. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्याही बाहेर आहे, तेव्हा मैलांचा प्रश्न येत नाही, बारीक करण्याचा येतो. वहिनी थांबल्या. ‘पंचवीस मिलिमीटर कुणाला कळतंय? लिंबाएवढं म्हणू का?’ लिंबू मोठं होतं. सुपारी लहान होती, पण लहान असलेलं चालतं. शेवटी पाटीवर आकडा ठेवला आणि खाली लिहिलं, ‘सुपारीपेक्षा मोठा तुकडा नको.’ नियमापेक्षा थोडं कडकच झालं, पण त्या पाटीनंतर ग्राइंडरवरून मला एकदाही ओरडावं लागलं नाही. तळणीचं उरलेलं तेलही लिहायचं असतं हे ऐकून त्यांना नवल वाटलं. त्याला वहीत वेगळा प्रकार आहे, ‘डी’ अक्षराचा. समुद्रात ओतायचं नाही, डब्यात भरून किनाऱ्याला पाठवायचं. ‘आमच्या कोपऱ्यावरच्या भजीवाल्याला लावा हा नियम,’ वहिनी म्हणाल्या.

लॅमिनेशन मात्र एक नंबर. समुद्रावर खारी हवा कडेने आत शिरते आणि सहा महिन्यांत पाटी फुगते. यांनी कागद कापून मग लॅमिनेट केला आणि चारी बाजूंना बोटभर प्लास्टिक मोकळं सोडलं. दोन वर्षं झाली, पाट्या तशाच आहेत. पैसे तेवढेच घेतले.

फजिती झाली ती फॉन्टची. पाटी वहिनींनी श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. पुढच्या वेळी रिगवरच एक शब्द बदलायचा होता म्हणून फाइल मागून घेतली, तिथल्या संगणकावर उघडली तर सगळी कावळ्याची पावलं. कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या युनिकोडमध्ये करून द्या म्हणून मी तीनदा सांगितलंय. ‘देतो की’ म्हणतात, करतात श्रीलिपीतच. छपाईला तीच बरी दिसते असं त्यांचं म्हणणं. तुम्हाला फाइल पुढे वापरायची असेल तर समोर उभं राहून युनिकोडमध्ये करून घ्या.

आता ज्या प्रकरणामुळे हे लिहायला बसलो ते. गेल्या पावसाळ्याआधी आमच्या कंत्राटदाराने तेलगळतीच्या आपत्कालीन आराखड्याचं काम एका सल्लागाराला बाहेर दिलं. नाव लिहीत नाही. गुळगुळीत पीडीएफ आली, एकशे साठ पानं, मुखपृष्ठावर आमच्या रिगचा फोटो. मला फक्त चार प्रती छापून हार्ड बाइंडिंग करून न्यायच्या होत्या. खरं सांगतो, मी पहिली वीस पानं वाचली होती आणि बाकी चाळली होती. दुपारी दुकानातून फोन आला. पोरगा होता. ‘साहेब, हितं एक पक्षी हाय, रंगीत काढू का काळा-पांढरा? आनि ह्यो बाँबेत कुठनं आला? राणीच्या बागेतला पेंग्विन व्हय?’

पेंग्विन नव्हता, पफिन होता. उत्तर अटलांटिकचा पक्षी. संवेदनशील जीवांच्या यादीत त्याला कसा धुवायचा, कुठल्या साबणाने, असं सगळं लिहिलेलं. पुढची पानं मी दुकानातच स्टुलावर बसून वाचली. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर कुठेच नाही, त्या जागी नॉर्वेचा कोड असलेला फोन. पाण्याचं तापमान सहा अंश धरलेलं! सहा अंशांच्या पाण्यात तेल जसं वागतं तसं ते आपल्या मे महिन्यातल्या अरबी समुद्रात वागत नाही, कोमट पाण्यात हलका भाग भराभर उडून जातो. तेल बारीक थेंबांत फोडून पाण्यात पसरवायचं रसायन कधी फवारायचं ते जहाजाच्या कॅप्टनवर सोडलेलं. आपल्याकडे त्यासाठी तटरक्षक दलाची परवानगी लागते. आणि अलिबागचा किनारा, ठाण्याच्या खाडीतली तिवरं, तिथे उतरणारे रोहित पक्षी, कोळ्यांच्या बोटी, यांतलं एक अक्षर नाही.

मला लगेच मेक्सिकोचं आखात आठवलं. २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन रिगवर स्फोट झाला, अकरा माणसं गेली, तेल पुढे जवळजवळ तीन महिने वाहत राहिलं. जूनमध्ये अमेरिकेच्या संसदेत सुनावणी झाली तेव्हा मोठ्या तेल कंपन्यांचे असेच आराखडे उघडून बघितले गेले. त्यात वॉलरस वाचवायची सोय होती. वॉलरस बर्फाच्या समुद्रातला प्राणी, आखातात तो असायचं कारणच नाही. एक तज्ज्ञ म्हणून ज्याचा फोन दिला होता तो प्राध्यापक आधीच वारलेला. पाच कंपन्यांचे आराखडे पानोपानी सारखे. आणि सरकारी कचेरीने ते सगळे मंजूर केलेले होते. आमच्या प्रशिक्षणात हे उदाहरण दरवर्षी देतात, सगळे दरवर्षी हसतात, मीही हसत आलोय. आता माझ्या पेनड्राइव्हमध्ये पफिन होता आणि तो विश्रामबागेतल्या बाइंडिंगवाल्या पोराने पकडला.

सल्लागाराला फोन लावला तर उत्तर आलं, ‘पक्ष्याचं पान काढून टाका ना सर.’ ते पान काढून उपयोग काय! छपाई थांबवली. बारा दिवस घरी बसून निम्मा आराखडा मी पुन्हा लिहिला, सुट्टी गेली. वहिनींनी तोवर छापलेल्या सत्तर पानांचे पैसे घेतले, ते बरोबरच होतं. पोराला मी भडंगाचा मोठा पुडा नेऊन दिला.

त्या बारा दिवसांत दुकानात रोज जाणं झालं, आणि एक गोष्ट तिथे बसून सुटली. राष्ट्रीय आराखड्यात गळतीच्या पायऱ्या असतात. सातशे टनांपर्यंतची पहिली पायरी, तिथे ज्याचं तेल त्याने आपल्या सामानानिशी उभं राहायचं. त्याच्या वर गेलं की तटरक्षक दल सूत्रं हलवतं. हे रिगवरच्या पोरांना सोप्या मराठीत कसं लिहावं ते जमत नव्हतं. वहिनींचं आधीचं दुकान हरभट रोडला होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा दोन मशीन आणि सगळा कागद बुडाला, म्हणून ते इकडे आले. त्या म्हणाल्या, ‘चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. चाळीसला आपण सामान वर ठेवतो, पंचेचाळीसच्या पुढं बोट बोलवतो. तसंच लिवा की.’ तसंच लिहिलं. आमच्या रिगवर आता तीन मजकूर आहेत, इंग्रजी, हिंदी आणि आयर्विन पुलाचा. पूर ओसरल्यावर दुकानाच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाड्यांच्या डिझेल-ऑइलची काळी रेघ राहिली होती, रंग तीनदा दिला तरी उमटायची, हेही त्यांनीच सांगितलं.

आता तक्रारी. दुपारी एक ते चार दुकान बंद. कुलूप लावून घरी, फोनही उचलत नाहीत. तुमची गाडी पाचची असेल तर सकाळीच जा. दुसरं जास्त गंभीर. व्हॉट्सअपवर आलेल्या सगळ्या फाइली डेस्कटॉपवर तशाच पडून असतात. माझा आराखडा, कुणाचं खरेदीखत, कुणाचं आधार कार्ड, शेजारी शेजारी. वाचणाऱ्या माणसांच्या दुकानात हे दुप्पट खटकतं, कारण जे माझी टाकी वाचतात ते तुमचं खरेदीखतही वाचतात. मी आता पेनड्राइव्ह स्वतः लावतो, काम झालं की फाइल स्वतः पुसतो आणि कचरापेटीही रिकामी करतो. वहिनींना राग येत नाही. ‘करा बापडे’ म्हणतात. एक स्टार त्याचा कापला.

पार्किंग नाही. क्यूआर कोड आहे, सुट्टे नसले तरी चालतं.

आणि एक काम अजून अर्धवट आहे. रिगवरचं जळकं ऑइल किनाऱ्यावरच्या न्हाव्याच्या बेसवरून पुनर्वापरवाल्याकडे जाताना घातक कचऱ्याचं चलन लागतं, सात प्रतींचं, प्रत्येक प्रतीला ठरलेला रंग. पांढरी प्रदूषण मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, गुलाबी माल घेणाऱ्याकडे, नारिंगी ट्रकवाल्याकडे, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला, निळी परत पाठवणाऱ्याला, आणि राखी, माल परराज्यात गेला तर आपल्या मंडळाला. मला कोऱ्या चलनांची पॅडं करून हवी होती. सहा रंग वहिनींनी गणपती पेठेतून एका दिवसात आणले. राखी कागद सांगलीत मिळेना. ‘पांढऱ्यावर राखी छापून देऊ?’ म्हणाल्या. मी नको म्हणालो, मग त्यांनी स्वतःच कोल्हापूरला सांगितला. येत्या सोमवारी माझं जुहूहून हेलिकॉप्टर आहे. कागद शनिवारी येणार असं काल फोनवर कळलं, आणि पोरगा रविवारी दुकान उघडून पॅडं शिवून देणार आहे.